समीकरणाच्या पोटातल्या तुकड्याला टीप कशी जोडता तुम्ही?

छेदबिंदू (धागाकर्ता)

बीजगणित आणि संख्याशास्त्र समजावणारी काही वेबपानं गेले काही महिने लिहितोय. मजकूर झाला, आकृत्या झाल्या. घोडं अडलंय समीकरणांपाशी.

काम ऐकायला किरकोळ आहे. वर्गसमीकरणाच्या मुळांचं सूत्र घ्या. अंशात −ब ± √(ब² − ४अक), छेदात २अ. मला एवढंच हवंय की वर्गमूळाच्या छपराखालच्या ब² − ४अक ला फिकट रंग मिळावा आणि त्यावर बोट ठेवलं की शेजारी दोन ओळी याव्यात: हा विवेचक, हा ऋण निघाला तर वास्तव मुळं नाहीत. परिच्छेदातल्या शब्दाला हे करायचं तर एक स्पॅन (शब्दाभोवतीचं एचटीएमएलचं वेष्टन) घातला की झालं. इथे तीन संध्याकाळी गेल्या आणि हाती धुपाटणं.

आधी लेटेकमधलं (सूत्रं लिहायची संगणकी भाषा) जुनं औषध घेतलं, अंडरब्रेस. तुकड्याखाली आडवा महिरपी कंस येतो, त्याखाली शब्द. पण कंस आणि शब्द दोन्ही वर्गमूळाच्या आतलेच धरले गेले. त्यामुळे मुळाचं चिन्ह उंच झालं, आणि शब्द तुकड्यापेक्षा लांब असल्याने छप्पर अर्ध्या पानापर्यंत पसरलं. (मॅथक्लॅप वापरून लेबलची रुंदी शून्य धरायला लावता येते हे नंतर कळलं. मग लेबल शेजारच्या पदांच्या डोक्यावर बसतं.)

मग म्हटलं, सूत्राला हातच लावायला नको. तुकड्याची जागा मोजायची, वर एक पारदर्शक थर टाकायचा आणि त्यात रंगीत चौकोन काढायचा. माझ्या संगणकावर झकास दिसलं. फोनवर चौकोन एकीकडे, विवेचक दुसरीकडे.

तिसरा प्रयत्न सांगायची लाज वाटते. काटेक (लेटेकमधलं सूत्र वेबपानावर मांडणारी लायब्ररी) स्पॅनमध्ये स्पॅन असं जे घरटं बांधतं, त्यात 'चौथ्यातला दुसरा' असं मोजून रंग दिला. आठवड्याने सूत्रात किरकोळ बदल केला आणि रंग छेदाला लागला.

तर, तुम्ही हे कसं करता? आणि समीकरणाचा 'तुकडा' म्हणजे नक्की काय धरायचं?

---

खोडरबर

वाचतोय. तो पारदर्शक थर फोनवर का फसला ते जरा उलगडून लिहा, मी त्याच खड्ड्यात बसलोय.

---

छेदबिंदू

@खोडरबर, मला सापडलेली कारणं लिहितो, आणखीही असतील.

गणिताचे फॉन्ट उशिरा येतात. मी मोजलं तेव्हा ब्राउझरने पर्यायी फॉन्टमध्ये सूत्र मांडलं होतं. खरा फॉन्ट आल्यावर सगळं सरकलं, माझा चौकोन जुन्याच जागी. फॉन्ट चढून झाल्याचा निरोप ब्राउझर देतो, त्याची वाट पाहायला हवी होती. फोन आडवा केला की तेच, कोणी अक्षरं मोठी केली की तेच. त्यासाठी रिसाइज ऑब्झर्व्हर (आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय) लावला.

पण खरी जिरवली ती ओळ तुटण्याने. ओळीतलं सूत्र बरोबरच्या चिन्हापाशी तुटून पुढच्या ओळीवर गेलं. तुकड्याचा पहिला भाग वरच्या ओळीच्या शेवटी, उरलेला खालच्या ओळीच्या सुरुवातीला. ब्राउझरला 'याचा चौकोन दे' म्हटलं तर तो दोन्ही तुकडे मावतील असा एकच मोठा चौकोन देतो, म्हणजे दोन पूर्ण ओळी रंगतात. एकाऐवजी चौकोनांची यादी मागायची सोय आहे. ती मागितल्यावर रंग नीट बसला, पण मग टिपेची रेघ कोणत्या चौकोनाला जोडायची हा नवा प्रश्न उभा राहिला.

---

पादांक

तुमच्या धाग्यातला शेवटचा प्रश्न खरं तर पहिला हवा होता.

मजकूर ही माळ असते. कुठून कुठेही बोट फिरवा, मधे जे आलं तो तुकडा. समीकरण मात्र ब्राउझरच्या लेखी झाड असतं. मॅथएमएलमध्ये (वेबपानात सूत्रं लिहायची खूणभाषा) अपूर्णांक ही एक फांदी, तिला दोनच पोरं, अंश आणि छेद. वर्गमूळ ही दुसरी फांदी. टीप लागते ती फांदीला. वाचणाऱ्याच्या मनातला तुकडा म्हणजे नेमकी एक अख्खी फांदी असेल तर तुमचं नशीब थोर. विवेचक तसा आहे, छपराखालचं सगळंच्या सगळं. म्हणून तुम्हाला वाटतंय की अडचण रंगाची आणि लेबलाची आहे. पुढची सूत्रं घ्या.

प + फ + भ यात फ + भ ला टीप द्या. झाडात तीन पदं आणि दोन चिन्हं ही एकाच एमरोची (पदांना एका रांगेत बांधणारा घटक) पाच सख्खी भावंडं. फ + भ नावाची फांदीच नाही. ठीक आहे, मधे आणखी एक एमरो घालून ती तयार करता येते. आता क्षच्या खाली पादांक १ आणि वर घातांक २ आहे, आणि तुम्हाला पादांक वगळून 'क्षचा वर्ग' एवढंच दाखवायचंय. एमसबसप या घटकात क्रम ठरलेला: पाया, पादांक, घातांक. पहिलं आणि तिसरं पोर एकत्र बांधणार कसं?

मॅट्रिक्सचा स्तंभ तर हमखास रडवतो. एमटेबलच्या पोटात ओळी, ओळींच्या पोटात घरं. ओळीला टीप एका दमात लागते. स्तंभ नावाची वस्तू झाडात कुठेही नाही, आणि रेषीय बीजगणित शिकवणारा माणूस दर तिसऱ्या वाक्याला स्तंभाबद्दलच बोलत असतो!

आणि मधे एमरो घालणंही फुकट नाही. अधिक-उणे चिन्हांभोवती किती मोकळी जागा सोडायची हे ते चिन्ह एमरोत कुठे बसलंय यावरून ठरतं. मधे असेल तर दोन पदं जोडणारं, दोन्हीकडे जागा. सुरुवातीला असेल तर पुढच्या पदाला चिकटणारं, ऋण तीनमधल्या उण्यासारखं. आता तुम्ही फक्त '+ ३' ला टीप द्यायची म्हणून त्याच्याभोवती एमरो घातलात. अधिक चिन्ह त्या नव्या एमरोचं पहिलं पोर झालं, त्याची जागा गेली, ३ त्याला येऊन चिकटला. उपाय आहे, त्या चिन्हावर फॉर्म म्हणून इन्फिक्स लिहून टाकायचं. टेकमध्येही (लेटेकचा पाया) हाच प्रकार. एकट्या चिन्हाभोवती महिरपी कंस घातले की टेक त्याला साधं अक्षर समजतं, मग मॅथबिन लिहून त्याचा हुद्दा परत द्यावा लागतो.

मी हा दोष महिनाभर पाहत होतो आणि फॉन्टला शिव्या घालत होतो. टीप बंद ठेवली तरी सूत्र वाकडं दिसायचं, कारण एमरो तिथेच होता.

---

काठावरची

चित्र का नाही लावत? सूत्राचं चित्र काढायचं, वर बाण रेखाटायचे, विषय संपला.

---

छेदबिंदू

@काठावरची, अक्षरं मोठी केली की चित्र धूसर होतं. एसव्हीजी (रेषांच्या वर्णनातून काढलेलं चित्र) केलं तर तेवढं सुटतं. पण त्यातलं सूत्र कॉपी होत नाही, शोधलं तर सापडत नाही, आणि अरुंद पडद्यावर मोडून दोन ओळींत येत नाही. छापायचं असतं तर तुमचंच ऐकलं असतं.

---

खोडरबर

@पादांक, दंडवत. म्हणजे काटेक आणि तिच्यासारखीच मॅथजॅक्स सोडून थेट मॅथएमएलच लिहावं का? तिथे निदान फांद्या आपल्या हातात असतात.

---

पादांक

आता लिहिता येतं. मॅथएमएलची पहिली शिफारस १९९८ची, पण ब्राउझरांनी फार रडवलं. फायरफॉक्समध्ये होतं. क्रोममध्ये २०१३च्या सुरुवातीला २४व्या आवृत्तीत आलं आणि लगेच २५व्यात काढून टाकलं. परत आलं ते थेट जानेवारी २०२३मध्ये, १०९व्या आवृत्तीत, 'मॅथएमएल कोअर' या आटोपशीर रूपात. ती दहा वर्षं मॅथजॅक्स आणि काटेकनेच किल्ला लढवला, त्यांच्या घरट्यांना नावं ठेवताना एवढं लक्षात असू द्या.

आज थेट मॅथएमएलमध्ये एमरोला आयडी द्या, क्लास द्या, पार्श्वभूमीचा रंग द्या, क्लिक ऐका, सगळं चालतं. टिपेसाठी एमॲक्शन नावाचा घटकही होता. पण कोअरमध्ये त्याचा फक्त सांगाडा उरलाय, त्याच्या नादी लागू नका. आणि हाताने मॅथएमएल लिहायचं म्हणजे दोन पदांच्या बेरजेला आठ ओळी. मी टेकमध्ये लिहून त्यातून मॅथएमएल काढतो.

---

मूषकचालक

चर्चा छान चाललीये, पण सगळे एकच गृहीत धरताय: टीप लेखक लावणार. वाचकाने लावायची असेल तर? मी एका वाचनगटासाठी तसं साधन जुळवत होतो. दुसऱ्याच्या पानावरच्या सूत्रात मला एक पद खटकलं, तिथेच लिहून ठेवायचंय. मूळ लेखकाने तिथे कुठलाही आयडी ठेवलेला नाही.

मजकुरासाठी याची बैठक तयार आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणारी संस्था) वेब ॲनोटेशनचा आराखडा शिफारस म्हणून आणला. त्यात जागा सांगायच्या अनेक रीती आहेत. सगळ्यांत चिवट म्हणजे अवतरणाची: निवडलेला मजकूर, त्याच्या आधीची काही अक्षरं, नंतरची काही अक्षरं. पान थोडं बदललं तरी या तिन्हींच्या आधारे जागा परत सापडते.

हे सूत्रात करून बघा. काटेक एकच सूत्र पानात दोन रूपांत ठेवतं. एक डोळ्यांना दिसणारं स्पॅनचं, एक स्क्रीनरीडरसाठी (पान मोठ्याने वाचून दाखवणारं साधन) दडवलेलं मॅथएमएलचं. शिवाय त्या मॅथएमएलच्या पोटात मूळ टेक मजकूर. म्हणजे पानाचा मजकूर उपसला की तेच सूत्र तिनदा हाती येतं, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या अवतारात. घातांक तर सपाटच होतो, 'ब वर्ग' हा 'ब२' होऊन बसतो. मॅथजॅक्सचं एसव्हीजी रूप घेतलं तर त्या चित्रात अक्षरंच नाहीत, नुसत्या वक्ररेषा. मॅथएमएलमध्ये अक्षरं आहेत, पण ४ आणि अ यांच्या मधे कधी कधी यू+२०६२ हे न दिसणारं गुणाकाराचं चिन्ह असतं. तुम्ही शोधता '४अ', पानात असतं तीन अक्षरांचं काहीतरी. आणि सगळं जुळलं तरी एका सूत्रात ब चार वेळा आहे, आजूबाजूची अक्षरंही तीच तीच. यातला माझा ब कोणता?

झाडातला रस्ता, म्हणजे एक्सपाथ, साठवून पाहिला. लेखकाने मॅथजॅक्सची आवृत्ती बदलली आणि माझ्या गटाच्या सगळ्या टिपा पोरक्या झाल्या. शेवटी टीप अख्ख्या सूत्रालाच लावायची आणि आत 'उजवीकडचं दुसरं पद' असं शब्दांत लिहायचं, यावर आलो. हार म्हणा हवं तर.

---

पादांक

@मूषकचालक, हार नाही ती. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं: तुकड्याला नाव देणं लेखकाच्याच हातात हवं. दिसणाऱ्या रूपावर खुंटी ठोकाल तर रूप बदललं की खुंटी पडणार.

---

मूषकचालक

@पादांक, आणि वाचकाला खटकलेलं पद लेखकाला महत्त्वाचं वाटलं नसेल तर? शंका नेमक्या तिथेच येतात जिथे लेखकाला काही सांगावंसं वाटलेलं नसतं.

---

अर्धविराम

मी गणिताचा मजकूर संपादित करते, वेबतंत्रातलं निम्मं मला कळत नाही. पण छेदबिंदूंच्या 'तुकडा म्हणजे काय' या प्रश्नावर माझंही थोडं भांडण आहे.

प्रसामान्य वितरणाचं सूत्र घ्या. घातांकात काय असतं? वर (क्ष − म)², खाली २स², आणि पुढे उणे. म म्हणजे मध्य, स म्हणजे प्रमाण विचलन. शिकवणाऱ्याला सांगायचं असतं की क्ष हा मध्यापासून किती प्रमाण विचलनं लांब आहे ते इथे मोजलंय. ती कल्पना म्हणजे (क्ष − म) भागिले स. आता हा तुकडा सूत्रात दाखवा बरं! निम्मा अंशात, निम्मा छेदात, दोघांवर वेगवेगळा वर्ग, आणि छेदात मधे एक २ घुसलेला. एका लेखकाने मला हे तीन रंगांत रंगवून, दोन बाण काढून पाठवलं होतं. बाण एकमेकांना छेदत होते. मी सूत्रच बदलून दिलं: उणे अर्धा गुणिले, कंसात (क्ष − म) भागिले स, कंसाचा वर्ग. कल्पना एका कंसात आली. मग रंग लागला एक, बाण एकही नाही.

म्हणून माझा नियम असा आहे की टीप लावायला अवघड जात असेल तर आधी सूत्राकडे संशयाने बघायचं. टिपेची अडचण बऱ्याचदा मांडणीची अडचण असते.

रंगांबद्दलही. अक्षरांऐवजी रंग वापरायची हौस नवी नाही. ऑलिव्हर बर्नने १८४७मध्ये युक्लिडच्या पहिल्या सहा पुस्तकांची आवृत्ती काढली, त्यात कोन आणि बाजू अक्षरांनी न सांगता लाल, पिवळ्या, निळ्या आकारांनीच दाखवल्या. दिसायला फार सुंदर. पण त्यातली एखादी सिद्धता फोनवरून दुसऱ्याला सांगून बघा. अक्षराला उच्चार असतो, रंगाच्या ठिपक्याला नसतो. शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांचं काय? माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात मी तीनच्या वर रंग ठेवू देत नाही, आणि रंगासोबत अधोरेखा किंवा आकडा मागते.

---

पादांक

@अर्धविराम, उदाहरण फर्मास आहे, पण नियम पूर्ण पटला नाही. विद्यार्थ्याला परीक्षेत आणि पुस्तकात २स² छेदात असलेलंच रूप भेटणार. तुम्ही त्याला सोपं रूप समजावलंत, मूळ रूप परकंच राहिलं.

---

अर्धविराम

@पादांक, मग दोन्ही दाखवा, एकाखाली एक, आणि दोन्हींत तीच गोष्ट त्याच खुणेने. वरच्या ओळीत विखुरलेली आहे, खालच्या ओळीत एकत्र आली, हे दिसणं हीच टीप. बाणांची गरज नाही.

---

खोडरबर

हे आवडलं. +१

---

निवांत_कोपरा

मी स्क्रीनरीडरने वाचतो, त्यामुळे तुमचे रंग आणि बाण मला समान अंतरावर आहेत, म्हणजे नाहीतच. पण टिपा मला हव्या असतात, बहुधा तुमच्यापेक्षा जास्त. लांब सूत्र कानाने ऐकताना सुरुवात विसरायला होते. 'यातला हा भाग म्हणजे विवेचक' असं कोणी सांगितलं तर चार चिन्हांचं ओझं एका शब्दावर येतं.

टीप कधी बोलली जाते यावर सगळं अवलंबून आहे. एका पानावर लेखकाने प्रत्येक तुकड्याला वर्णन चिकटवलं होतं. सूत्र ऐकायला लागलो तर 'उणे ब, हा पहिल्या घाताचा सहगुणक होय, अधिक उणे वर्गमूळ, आतली संख्या ऋण असल्यास...' वाक्य कुठे संपलं आणि सूत्र कुठे सुरू झालं काही कळेना. मला आधी अख्खं सूत्र विनाअडथळा ऐकायचं असतं. मग बाणाच्या कळांनी आत शिरून एकेका फांदीवर थांबायचं असतं. मॅथजॅक्समध्ये तशी सोय आहे, स्पीच रूल इंजिन त्यासाठीच आहे. टीप तिथे थांबल्यावर यावी, तीही मी मागितली तर.

आणि कृपा करून माउस नेल्यावरच उघडणाऱ्या टिपा नकोत. माझ्याकडे माउस नाही, फोनवाल्यांकडेही नाही. वेबच्या सुलभतेच्या नियमावलीत, डब्ल्यूसीएजी २.१मध्ये, २०१८पासून लिहिलंय की अशी उघडणारी टीप कळफलकाने बंद करता यावी, तिच्यावर माउस नेला तरी ती नाहीशी होऊ नये आणि वाचून होईपर्यंत टिकावी. सूत्रांवरच्या टिपा हे सर्रास मोडतात. जरा डोळे बारीक करून जवळ गेलं की पळून जातात, असं माझ्या डोळस मित्रांनीही सांगितलंय.

---

तिसरी_ओळ

निवांत_कोपरा यांच्या फोनच्या मुद्द्याला जोडून. बोटाचं गणित करून बघा. मॅथएमएलमध्ये पादांकाचा आकार मूळ अक्षराच्या साधारण ०.७१ पट. मूळ १६ पिक्सेल असेल तर पादांक ११च्या आसपास, पादांकाच्या पादांकाला ८. डब्ल्यूसीएजी २.२ म्हणते बोट ठेवायची जागा किमान २४ बाय २४ असावी. ओळीतल्या दुव्यांना त्यातून सूट आहे, पण बोटाला कुठली सूट! मी एकदा बेरजेच्या सिग्मा चिन्हाच्या खालच्या आणि वरच्या मर्यादांना वेगवेगळ्या टिपा दिल्या होत्या. फोनवर दर वेळी सिग्माचीच टीप उघडायची.

लेबलं कुठे ठेवायची याचा धडा नकाशे काढणाऱ्यांकडून घ्यावा. तिथेही गावं दाट, नावं लांब. ते काय करतात? दाटीतल्या गावाला आकडा देतात आणि नाव कडेला लिहितात. पुस्तकांनाही समास होताच की. रुंद पडद्यावर टिपा समासात ठेवा आणि सूत्रापासून बारीक रेघ न्या. अरुंद पडद्यावर समास उरत नाही, तिथे रेघा काढून टाका, तुकड्यावर आकडा ठेवा आणि टिपा सूत्राखाली ओळीने लावा. मात्र आकडा वर उजवीकडे बारीक अक्षरात ठेवू नका. तो घातांक वाटतो. हसू नका, माझ्या पहिल्या पानावर ब² च्या वर ३ ठेवला होता आणि एकाने प्रामाणिकपणे विचारलं, हा बचा तेविसावा घात का? आता मी वर्तुळातला आकडा सूत्राच्या वर, वेगळ्या ओळीत ठेवतो.

---

काठावरची

बचा तेविसावा घात 😂

---

छेदबिंदू

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार बसून मोडतोड केली, काय झालं ते सांगतो.

पादांक म्हणाले तसं तुकड्यांना नावं मूळ टेकमध्येच दिली. काटेकमध्ये त्यासाठी एचटीएमएलक्लास आणि एचटीएमएलआयडी अशा आज्ञा आहेत. मात्र ट्रस्ट नावाचा पर्याय उघडल्याशिवाय त्या चालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कोणीही लिहिलेलं सूत्र पानात हवा तो क्लास घुसवू शकत असेल तर पंचाईत. माझ्या पानांवर सूत्रं मीच लिहितो, म्हणून उघडला. क्लास आणि आयडीमध्ये क्लास निवडला, कारण आयडी पानात एकालाच देता येतो आणि 'अ' सूत्रात दोनदा येतो, विवेचकातही आणि छेदातही. टिपेवर गेलं की दोन्ही अ उजळतात. हे ठरवून केलं नव्हतं, पण सगळ्यांत उपयोगी तेच निघालं. आपण ज्याला तुकडा म्हणतो ती कधी जागा असते आणि कधी पात्र असतं, जे सूत्रात ठिकठिकाणी भेटतं. दोन्हींना एकच यंत्रणा पुरली.

मॅट्रिक्सचा स्तंभही त्याच युक्तीने सुटला. स्तंभातल्या प्रत्येक घराला तोच क्लास. झाडात स्तंभ नाही तर नाही, नाव तर आहे. रंग प्रत्येक घरातल्या अक्षरामागे सुटा सुटा दिसतो, सलग पट्टा होत नाही. पट्ट्यासाठी पुन्हा मोजमाप आणि पारदर्शक थर. तो आता ठेवलाय, पण फक्त शोभेला. थर चुकला तरी टीप चुकत नाही.

प्रसामान्य वितरण अर्धविरामांच्या रीतीने दोन ओळींत मांडलं. वरच्या ओळीत क्ष − म आणि स यांना एकच खूण, खालच्या ओळीत तोच कंस. मला वाटत होतं वाचक गोंधळतील. दोघांना दाखवलं, दोघंही न विचारता 'अच्छा, हे इथे आलं होय' म्हणाले. दोघंच होते, त्यामुळे फार काही म्हणत नाही.

एक नवं दुखणं. लेबलं मराठीत आहेत. काटेककडे गणिताच्या अक्षरांची मापं तयार असतात, देवनागरीची नसतात. मग ते प्रत्येक अक्षराला रोमन लिपीतल्या कॅपिटल एमची उंची धरून चालतं. 'वर्गमूळ'चा रफार वर कंसाला टेकतो आणि ऊकार खाली कापला जातो. सध्या लेबलं सूत्राबाहेर काढून साध्या मजकुरात ठेवली आहेत. तशीही ती तिथेच बरी.

---

निवांत_कोपरा

तुम्ही व्यनित (खाजगी निरोपात) पाठवलेलं पान उघडलं. टॅब दाबला तर सूत्राच्या आत कुठेतरी थांबतोय, पण काहीच बोलत नाही. चार टॅब, चारही मुके. नंतर खाली टिपांची यादी आली, ती छान वाचली.

---

पादांक

@छेदबिंदू, तुकड्यांना कळफलकाने थांबता यावं म्हणून टॅबइंडेक्स दिलाय ना? काटेकचं दिसणारं रूप स्क्रीनरीडरपासून लपवलेलं असतं, एरिया-हिडन. तुमचा क्लास फक्त त्याच रूपात जातो, दडवलेल्या मॅथएमएलमध्ये उतरत नाही. म्हणजे तुम्ही निवांत_कोपरांना अशा खोलीत नेऊन उभं केलंत जी त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही.

---

छेदबिंदू

अरे देवा. बरोबर. चार मुके टॅब म्हणजे माझे चार तुकडे.

सूत्रातला टॅबइंडेक्स काढला. आता बटणं फक्त खालच्या यादीत आहेत. यादीतल्या 'विवेचक'वर थांबलं की सूत्रातला तुकडा उजळतो, आणि टीप म्हणून त्या तुकड्याचं शब्दरूपही वाचलं जातं: ब वर्ग उणे चार अ क. सूत्रातल्या तुकड्यावर बोट ठेवलं तर यादीतली ओळ उजळते, पण तो फक्त डोळस वाचकांसाठीचा जवळचा रस्ता. @निवांत_कोपरा, सवड मिळाली की पुन्हा बघाल का?

---

निवांत_कोपरा

पाहिलं. आता टॅब थेट यादीवर जातो, मुका थांबा एकही नाही. विवेचक ऐकू आला. 'अ'च्या ओळीत मात्र 'दोन ठिकाणी' एवढंच म्हणता, कोणती दोन ते सांगत नाही. 'विवेचकात आणि छेदात' असं लिहा, मग मला सूत्रात परत जावं लागणार नाही.

---

मूषकचालक

आणि माझ्यासारख्या आगंतुक वाचकाने त्या ± चिन्हावर शंका लिहायची असेल तर? त्याला तुम्ही नाव दिलेलं नाही, आत्ताच सोर्स उघडून पाहिला.

---

छेदबिंदू

दोन ठिकाणांची दुरुस्ती केली. ± राहिलं खरं. त्याला नाव देताना मॅथबिन विसरलो तर @पादांक परत येतील, म्हणून उद्या सकाळी शांत डोक्याने करतो.